एक चमचा साखर आणि एक इवलासा दरवाजा : स्वादुपिंडाला कळतं तरी कसं?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'अं', 'हां' तेवढे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

   

आजचा विषय जवळपास प्रत्येकाच्या घरातला आहे. शुगर. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब नावाच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे तुमच्या घरी नसेल तर शेजारी आहे, शेजारी नसेल तर मामाकडे आहे.

पण आज मी 'गोड खाऊ नका, चालायला जा' हे सांगणार नाही. ते सांगायला व्हॉट्सअ‍ॅपवर काका मंडळी आहेतच. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला प्रश्न पडतो तो असा : रक्तातली साखर वाढली, हे स्वादुपिंडाला कळतं कसं? त्याला डोळे नाहीत, जीभ नाही. मेंदूने निरोप पाठवायचीही तो वाट बघत बसत नाही. मग इन्शुलिन नेमकं कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं, हा निर्णय घेतो कोण?

याचं उत्तर समजलं ना, तर घरातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघायची तुमची नजर बदलेल. आणि एखाद्या दिवशी कोणाचा तरी जीव वाचेल. हे मी उगाच मोठं करून सांगत नाहीये, शेवटपर्यंत ऐका म्हणजे कळेल.

आधी हिशोब

एका मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर समजा ९० आली. हे ९० म्हणजे काय? दर १०० मिलिलिटर रक्तामागे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. एक चहाचा चमचा! बस, एवढीच.

आता दुसरी बाजू. आपला मेंदू एकटा दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. याचा अर्थ, मागून पुरवठा आला नाही तर रक्तातली सगळी साखर एकटा मेंदू तासाभरात संपवेल. आणि तिसरी बाजू : तुम्ही भरपेट वरणभात जेवलात, तर आतड्यातून ६०-७० ग्रॅम ग्लुकोज सहज रक्तात यायला लागतं. एक चमचा मावतो तिथे पंधरा चमचे ओतायचे!

तरीही निरोगी माणसाची साखर उपाशीपोटी ७० ते १०० च्या मध्ये राहते आणि जेवणानंतर दोन तासांत १४० च्या खाली येते. रोज, आयुष्यभर. आम्ही सर्व्हरवरचा लोड सांभाळायला डॅशबोर्ड लावतो, अलार्म लावतो, रात्री दोनला उठतो, आणि तरी सिस्टिम पडते. इथे कोणी उठत नाही.

बेटं

स्वादुपिंड हे जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांबीचं अवयव. त्याचा बहुतेक भाग पचनाचे रस बनवतो. पण १८६९ साली बर्लिनमध्ये पाऊल लँगरहान्स नावाचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड बघत होता. विशीतला पोरगा, आपल्यातल्या कित्येकांच्या वयाचा. त्याला मधेमधे पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. ते काय काम करतात हे त्याला कळलं नाही, त्याने फक्त नोंद करून ठेवली. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. अशी साधारण दहा लाख बेटं, पण वजनाने अख्ख्या स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच.

या बेटांवर मुख्य रहिवासी दोन. बीटा पेशी, ज्या इन्शुलिन बनवतात. आणि अल्फा पेशी, ज्या ग्लुकागॉन बनवतात. इन्शुलिन साखर रक्तातून पेशींमध्ये घालतं, लिव्हरला 'साठव' म्हणून सांगतं. ग्लुकागॉन बरोबर उलटं : लिव्हरला 'साठा सोड' म्हणून सांगतं. एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर.

बीटा पेशीच्या आत

आता खरी गंमत. बीटा पेशीमध्ये साखर मोजायचं वेगळं यंत्र नाही. ती साखर खाते आणि खाऊन किती ऊर्जा तयार झाली त्यावरून अंदाज घेते. एकेक पायरी बघू.

पायरी एक. ग्लुकोज पेशीत शिरतं. बीटा पेशीचा हा दरवाजा कायम उघडा असतो, त्याला इन्शुलिनची परवानगी लागत नाही. बाहेर जेवढी साखर, त्या प्रमाणात आत.

पायरी दोन. आत आल्यावर ग्लुकोकायनेज नावाचं एंझाइम त्याला पकडतं. हा आपला सेन्सर. स्नायूमध्ये किंवा मेंदूमध्ये हेच काम करणारं दुसरं एंझाइम असतं, पण ते अगदी थोड्या साखरेवरच पूर्ण वेगाने चालायला लागतं. साखर ८० असो की १८०, त्याला फरक कळत नाही. ग्लुकोकायनेज मात्र आळशी आहे. साखर साधारण १४५ च्या आसपास असते तेव्हा ते अर्ध्या वेगाने चालतं. त्यामुळे साखर थोडी वाढली की त्याचा वेग थोडा वाढतो, थोडी उतरली की कमी होतो. म्हणून मोजमाप जमतं.

पायरी तीन. पुढे मायटोकॉन्ड्रियामध्ये ते ग्लुकोज जाळून एटीपी बनतं. एटीपी म्हणजे पेशीची रोकड.

पायरी चार, आणि इथे तो शीर्षकातला इवलासा दरवाजा येतो. पेशीच्या भिंतीत पोटॅशियमची चॅनेल असतात. साखर कमी असते तेव्हा ती उघडी असतात. पोटॅशियमचे धन आयन बाहेर झिरपत राहतात आणि त्यामुळे पेशीच्या आत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतभार राहतो. पेशी शांत. आता एटीपी वाढलं की ते थेट या चॅनेलला जाऊन चिकटतं आणि दरवाजा बंद! पोटॅशियम बाहेर जाईना, पेशीचं व्होल्टेज वर चढायला लागतं.

पायरी पाच. व्होल्टेज ठरावीक पातळीवर आलं की दुसऱ्या प्रकारची चॅनेल उघडतात, कॅल्शियमची. कॅल्शियम आत घुसतं. आणि एकेका बीटा पेशीत इन्शुलिनने भरलेल्या ज्या हजारो थैल्या तयार असतात, त्यांतल्या काही भिंतीला चिकटून फुटतात. इन्शुलिन रक्तात.

साखर, एटीपी, पोटॅशियमचा दरवाजा बंद, कॅल्शियमचा उघडा, इन्शुलिन बाहेर. परीक्षेत विचारलं तर पाच मार्क नक्की.

साखर उतरली की हीच साखळी उलटी फिरते. एटीपी कमी, दरवाजा उघडा, पेशी परत शांत. आणि रक्तात आलेलं इन्शुलिन पाचेक मिनिटांतच अर्ध्यावर येतं, त्यामुळे जुना हुकूम फार वेळ घुमत राहत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅशची एक्स्पायरी छोटी ठेवलीय.

हा पोटॅशियमचा दरवाजा बीटा पेशीत आहे आणि ग्लुकोजने तो बंद होतो, हे १९८४ मध्ये दाखवलं गेलं. त्यात ब्रिटनच्या फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांचं काम महत्त्वाचं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

दोन हप्ते

इन्शुलिन एकदम धो धो येत नाही, दोन हप्त्यांत येतं. पहिल्या दहाएक मिनिटांत एक जोरदार लाट, भिंतीजवळ आधीच तयार असलेल्या थैल्यांची. मग हळूहळू, साखर उतरेपर्यंत चालणारा दुसरा हप्ता. पहिल्या लाटेचं काम म्हणजे लिव्हरला लगेच कळवणं : 'बाबा रे, जेवण आलंय, तुझं दुकान बंद कर.' टाइप २ मधुमेहात सर्वांत आधी बिघडते ती ही पहिली लाट. म्हणून कित्येकांची उपाशीपोटी साखर ठीक दिसते आणि जेवणानंतरची मात्र उडी मारते. फक्त सकाळचा एक रिपोर्ट बघून 'मला काही नाही' म्हणू नये, ते यासाठी.

आणि अल्फा पेशींचं काय? साखर वाढली की त्यांनी गप्प बसायला हवं. टाइप २ मध्ये त्या पुरेशा गप्प बसत नाहीत. ग्लुकागॉन चालूच, लिव्हर रात्रभर साखर सोडतच राहतं. 'रात्री तर काहीच खाल्लं नाही, मग सकाळी १६० कशी?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारलेला असतो. त्या बिचाऱ्या माणसावर चोरून लाडू खाल्ल्याचा आरोपसुद्धा होतो. लाडू नसतो हो. लिव्हर असतं.

टायफॉइडचे रुग्ण आणि एक गोळी

आता गोष्ट १९४२ ची. दुसरं महायुद्ध चालू, फ्रान्समधलं माँपेलिए शहर. मार्सेल झाँबाँ नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांना सल्फा गटातलं एक नवं औषध देत होते. काही रुग्णांची साखर धोकादायकरीत्या खाली गेली. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे औषध स्वादुपिंडामार्फत काम करतं. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यात परिणाम शून्य. त्यातूनच पुढे सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या आल्या.

या गोळ्या काय करतात हे कळायला आणखी चार दशकं लागली. त्या थेट जाऊन आपल्या पोटॅशियमच्या दरवाजाला चिकटतात आणि तो बंद करतात. एटीपीची वाट न बघता! म्हणजे साखर असो वा नसो, गोळीने बटण दाबून ठेवलंय. इन्शुलिन येत राहणार.

हे वाक्य नीट ऐका. साखर असो वा नसो. याच वाक्यात या गोळीची ताकद आहे आणि याच वाक्यात तिचा धोका आहे. आधी ताकद बघू.

बाळांची गोष्ट

काही बाळांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. फार दुर्मिळ, पण होतो. पूर्वी समज असा की हा टाइप १ च, म्हणजे बीटा पेशी नष्ट झाल्या, आता जन्मभर इंजेक्शन. एवढ्याशा जिवाला दिवसातून तीन-चार वेळा सुई. आईबापांची काय अवस्था होत असेल, विचार करा.

२००४ मध्ये अ‍ॅना ग्लॉइन, एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली, ऑक्सफर्डच्या अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं की यातल्या बऱ्याच बाळांमध्ये बीटा पेशी जिवंत आहेत, इन्शुलिनही भरलेलं आहे. बिघाड फक्त त्या एका दरवाजात आहे. जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे एटीपी त्याला बंदच करू शकत नाही. गोदाम भरलेलं, पण शटर अडकलेलं.

मग साहजिक प्रश्न : एटीपीने बंद होत नाही, तर गोळीने होईल का? गोळी त्याच दरवाजाला, पण वेगळ्या जागी चिकटते. करून बघितलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना गोळी दिली. त्यातल्या ४४ जणांचं इन्शुलिन बंद झालं. चव्वेचाळीस! साखर पूर्वीपेक्षा चांगली ताब्यात राहिली, तीही गोळीवर.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशा बाळांच्या जनुकीय चाचण्यांवर काम झालं आहे आणि भारतातली मुलंही सुईवरून गोळीवर आली आहेत. तेव्हा ओळखीत कोणाच्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह निघाला, तर एवढंच सांगा : जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि हो, हा नियम सगळ्या मुलांना लागू नाही बरं का. मोठ्या वयात टाइप १ झालेल्या मुलाचं इन्शुलिन कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही. तिथे बीटा पेशीच उरलेल्या नसतात. इन्शुलिन बंद म्हणजे थेट जिवाशी खेळ.

आता धोका

तीच गोळी, आता आपल्या घरातली. आजींना ग्लिमेपिराइड चालू आहे. आज संकष्टी. सकाळी सवयीने गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत नुसता चहा. काय होईल? पोटातून साखर येत नाहीये. एटीपी कमी झालंय, दरवाजा उघडायला हवा. पण गोळीने तो धरून ठेवलाय. इन्शुलिन येतंच आहे. साखर ९०, ७५, ६०... आणि मेंदूला तासाला ५ ग्रॅम लागतात, हा हिशोब आपण सुरुवातीलाच केला.

लक्षणं : हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, खूप भूक. पुढे चिडचिड, असंबद्ध बोलणं, झोप येणं. घरच्यांना वाटतं, उपास लागला, झोपू दे जरा. इथेच घात होतो. मधुमेहाचं औषध घेणारा माणूस घामाघूम होऊन विचित्र बोलायला लागला तर झोपवायचं नाही, साखर तपासायची. ग्लुकोमीटर नसेल तर वाट न बघता साखर द्यायची.

किती? १५ ग्रॅम, म्हणजे तीन ते चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी परत तपासायची. ७० च्या खाली असेल तर परत द्यायची. सावरल्यावर काहीतरी खायला द्यायचं. चॉकलेट किंवा बर्फी देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर हळू शोषली जाते. आणि गोळीमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोजसुद्धा असेल तर घरातली साधी साखर लवकर पचत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन.

आणखी एक. या गोळीचा असर बराच वेळ, कधी कधी दिवसभर टिकतो. साखरेचं पाणी दिलं, बरं वाटलं, म्हणजे संपलं असं नाही. साखर परत उतरू शकते. म्हणून डॉक्टरांना कळवायचंच. वय जास्त असेल किंवा किडनी कमकुवत असेल तर धोका आणखी वाढतो.

मग दुसऱ्या गोळ्या?

सगळ्या गोळ्या अशा नसतात. मेटफॉर्मिन या दरवाजाला हातच लावत नाही, ते मुख्यतः लिव्हरवर काम करतं. आणि ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या, किंवा ज्यांच्या नावाची सध्या वजन कमी करण्यासाठी हवा आहे ती सेमाग्लुटाइडसारखी औषधं, वेगळा मार्ग घेतात.

१९६० च्या दशकात संशोधकांनी एक गोष्ट पाहिली : ग्लुकोज शिरेतून दिलं त्यापेक्षा तोंडाने दिलं तर इन्शुलिन जास्त येतं. म्हणजे आतडं स्वादुपिंडाला आधीच मिस्ड कॉल देतं, 'माल येतोय'. त्या निरोपांपैकी एक म्हणजे जीएलपी-१ हे हार्मोन. गंमत अशी की जीएलपी-१ दरवाजा जबरदस्तीने बंद करत नाही. साखरेने पेशी आधीच जागी झाली असेल तर तो आवाज वाढवतो. साखर कमी असेल तर तो जवळपास गप्प. म्हणून ही औषधं एकटी असताना साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो.

आमच्या भाषेत, सल्फोनिलयुरिया म्हणजे कंडिशन न तपासता चालणारा कोड. जीएलपी-१ म्हणजे आत 'इफ' लावलेला कोड. म्हणून पहिली गोळी वाईट आहे का? अजिबात नाही. स्वस्त आहे, परिणामकारक आहे, लाखो लोकांची साखर तिच्यावर ताब्यात आहे. फक्त त्या कोडमध्ये 'इफ' नाही, तर तो 'इफ' आपण घरच्यांनी लावायचा : जेवण असेल तर गोळी.

आज घरी गेल्यावर

एक काम करा. आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. फोनने फोटो काढून झूम करा. तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही दिसलं, तर ही दरवाजावाली गोळी. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे घेणाऱ्याला माहीतच नसतं.

दिसली तर घाबरून बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. उपासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची? उलट्या-जुलाब होऊन जेवण जात नसेल तर काय करायचं? आणि साखर किती खाली गेली तर तुम्हाला फोन करायचा? उत्तरं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. ग्लुकोज पावडरचं पाकीट कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, अगदी कामाला येणाऱ्या मावशींनाही माहीत असू द्या.

श्रावणात, नवरात्रात उपास येतातच. आजीला 'उपास करू नकोस' म्हणून ती ऐकणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण 'आजी, उपासाच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारूया' याला ती नाही म्हणणार नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पट्टीवर काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, फक्त औषध बदलू का हे मला विचारू नका, तो अधिकार डॉक्टरांचा. हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका, या वेळी काकांच्या आधी तुम्ही टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, वेळेवर जेवा!